निशिगंधाकडे राहिलेला आवाज

निशिगंधाच्या घरी कुणी पाहुणं आलं की चहा व्हायच्या आत फर्माईश होते, "निशे, एखादी नक्कल करून दाखव की!" मंगळवार पेठेतल्या माणसांना नको म्हटलेलं कळत नाही. मी इथंच जन्मले, त्यामुळं हे हक्कानं सांगते. निशिगंधा हसते, "घसा बसलाय," म्हणते आणि आत निघून जाते. तिचा घसा ठणठणीत आहे. तिच्याकडं एक आवाज राहून गेलाय, आणि नक्कल करायला तोंड उघडलं तर आधी तोच बाहेर येईल, अशी तिला भीती वाटते.

पूर्वी असं नव्हतं. तिच्या वडिलांचं, हंबीररावांचं, मंडपाचं दुकान आहे, त्यामुळं लहानपणापासून माइक तिच्या हाताशी. प्राचार्य, भाजीवाली, एसटीचा कंडक्टर, शेजारचा बिघडलेला मिक्सर, सगळं ती करायची. माणूस बोलताना कुठं श्वास घेतो, कुठं आवंढा गिळतो, तेसुद्धा ती बरोबर उचलायची. हल्ली ती दुचाकीच्या एका शोरूममध्ये फोनवर बसते. "सर, आपल्या वाहनाच्या सर्व्हिसिंगची तारीख उलटून गेली आहे," असं पुस्तकी बोलते, आणि फोन ठेवला की म्हणते, "ह्या मामानं गाडीचं पार वाटोळं केलंय बघा." वय सव्वीस. माझं विचारू नका. मी क्रांती. डबिंगचे संवाद लिहिते, आणि लोक मला फटकळ म्हणतात ते खरं आहे.

आदिती ही तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. जयसिंगपूरच्या बापूसो मगदुमांची मुलगी. त्यांचं पाइप आणि तुषार सिंचनाचं दुकान, वरच्या मजल्यावर घर. शिकायला कोल्हापूरला आली ती हंबीररावांच्या माडीवरच्या खोलीत राहिली, आणि शिक्षण संपल्यावर नोकरीच्या निमित्तानं तिथंच टिकली. मगदूम जैन, दिवस मावळायच्या आत जेवणारे. निशिगंधाच्या आईनं कधी बोलून दाखवलं नाही, पण आदितीसाठी कांदा-लसूण न घातलेली भाजी रोज लवकर व्हायची. रविवारी मटण शिजायला लागलं की आदिती पुस्तक घेऊन गच्चीवर जायची. एरवी दोघी इतका दंगा करायच्या, की खालून हंबीरराव ओरडायचे. कॉलेजात असताना आदिती सिनेमाला गेली की निशिगंधा तिच्या आवाजात जयसिंगपूरला फोन लावायची, "पोचलो खोलीवर, अभ्यासाला बसलोय." पद्मावतीकाकूंना, म्हणजे आदितीच्या आईला, वर्षभर पत्ता लागला नाही. लागल्यावर त्या आधी चिडल्या आणि मग पोट धरून हसल्या.

डबिंगचं काम मीच त्यांना आणून दिलं. आकारामचा स्टुडिओ म्हणजे चष्म्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. एकीत त्याचा संगणक, दुसरीत माइक आणि भिंतींना स्पंज. त्याला मुंबईच्या एका कंपनीकडून ब्रिटिश मालिका मिळाली होती, शाळेतल्या पोरापोरींची. समुद्राकाठचं छोटं गाव, कायमचं आभाळ आलेलं, आणि दोन मैत्रिणी. नेल आतून ढासळत चाललेली, आणि ऑड्री तिची बडबडी मैत्रीण, जिला ते दिसतच नाही. त्या पोरींची बोली लंडनवाल्यांना गावंढळ वाटते म्हणे, म्हणून मराठीत कोल्हापुरी हवी होती. आता मुंबईवाल्यांची कोल्हापुरी म्हणजे शिव्या आणि तांबडा रस्सा. आमच्या पोरी 'मी आलो, मी गेलतो' असंच बोलतात, तर त्यांचा लगेच निरोप आला, की बाईच्या तोंडी पुरुषाचं वाक्य पडलंय. मी त्यांना जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नेल आदितीला मिळाली, कारण तिच्या आवाजात एक बारीक खरखर होती. ऑड्री अर्थातच निशिगंधाला.

डबिंगमध्ये दोघींना समोरासमोर उभं करत नाहीत, एकेकीला आत घेतात. आदिती आधी येऊन तिची वाक्यं बोलून जायची. दुसऱ्या दिवशी निशिगंधा हेडफोन लावून तिच्या आवाजाला उत्तरं द्यायची. श्वास, उसासे, हुंदके हे वेगळे घेऊन ठेवतात आणि लागेल तिथं जोडतात. एका भागात नेल शाळेच्या बाथरूममध्ये कडी लावून रडते. त्या दिवशी निशिगंधा सहज म्हणून येऊन काचेच्या अलीकडं बसली होती. आदिती रडायला लागली. पडद्यावरचं दृश्य संपलं, पुढचं सुरू झालं, तरी तिचं रडणं चालूच. आकारामनंही रेकॉर्डिंग थांबवलं नाही. चांगलं रडणं पुन्हा कामाला येतं. ती बाहेर आली तेव्हा निशिगंधानं दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारली. "आदे, एक नंबर! बक्षीस घेत्यास बघ आता." मी तेव्हा खाली झेरॉक्सला गेले होते, हे मला नंतर कळलं. वर आले तर सगळे आदितीच्या पाठीवर थाप मारत होते आणि ती डोळे पुसत म्हणत होती, "चहा सांगा की कुणीतरी."

आमच्या गावाची ही खोडच आहे. कुणी काही जीव ओतून केलं की आम्ही शिट्ट्या मारतो, पाठीत धपका घालतो, खाऊ-पिऊ घालतो. जीव का ओतावा लागला, हे विचारत नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आदिती सणाला घरी गेली, ती परत आलीच नाही. फोन बंद. काकू सांगायच्या, "थायरॉईड झालाय, आवाज बसलाय." निशिगंधा जयसिंगपूरला जाऊन आली आणि तशीच माझ्या घरी आली.

"ताई, ती नुसती बसून हाय. बघत्या, पण बोलत न्हाय. मी आपला बडबडत बसलो. तिची आई वेणी घालत्या, जेवण भरवत्या. मनाच्या डॉक्टरला दाखवा म्हणालो, तर काकू उठून खिडकी लावून घेतल्या. शेजारणीला ऐकू जाईल म्हणून."

इकडं मालिकेचे शेवटचे भाग उरले होते आणि मुंबईचा तगादा चालू होता. नेलसाठी दुसरी मुलगी घ्यायची तर पहिल्यापासून सगळं पुन्हा करावं लागणार. आकाराम निशिगंधाकडं बघायला लागला.

"करतो मी," ती म्हणाली. "ती येईपर्यंत जागा तरी धरून ठेवतो."

एसटीत रुमाल टाकावा तशी ती हे बोलली. मला तेव्हाच ते आवडलं नव्हतं.

आकारामनं आदितीचा जुना आवाज तिच्या कानात सोडायचा, तिनं तो पकडायचा आणि नेलचं नवं वाक्य बोलायचं. मग ऑड्री होऊन स्वतःच्या आवाजात त्याला उत्तर द्यायचं. दोन वाक्यांमधले श्वास आदितीचे, साठवलेले. पहिला तुकडा जोडून झाल्यावर आकारामनं मला ऐकवला. शब्द निशिगंधाचे, श्वास आदितीचा, आणि जोड कुठं आहे ते मला कान देऊनही सापडेना. मी म्हटलं, "बंद कर ते." तो म्हणाला, "का? झकास जमलंय की." जमलं होतंच. त्याचीच तर भीती वाटत होती.

एकदा आकारामला जुना हुंदका हवा होता म्हणून त्यानं बाथरूमचं ते सगळं रेकॉर्डिंग निशिगंधाच्या कानात सोडलं. ती ऐकत राहिली. हेडफोन काढून बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"ह्यात नेल कुठंच न्हाय, ताई. आदी रडत्या. आन् मी शिट्टी मारलो."

खरंच होतं ते.

मग तो आवाज स्टुडिओच्या बाहेर यायला लागला. शोरूममध्ये फोनवरची माणसं विचारायची, "आधीच्या मॅडम बदलल्या काय?" एका संध्याकाळी तिची आई स्वयंपाकघरात होती आणि मागून हाक आली, "काकू, लई भूक लागल्या." आईनं हातातलं टाकून कांद्याविना भाजी फोडणीला टाकली, ताट वाढलं, वळून बघितलं तर दारात निशिगंधा. आपण काय बोललो हे तिला ठाऊकच नव्हतं. शेवटी ते ताट निशिगंधानंच संपवलं. हे तिच्या आईनं मला सांगितलं ते कुजबुजत, आणि वर विचारलं, की असलं बाहेरचं बघणारं तुमच्या ओळखीत कोण हाय काय. मी तिच्यावर खेकसले. घरी जाऊन मात्र देवापुढं दिवा लावला. खोटं कशाला बोलू?

अशात पद्मावतीकाकूंचा फोन आला. "निशा, ये एकदा. काम हाय." तिला एकटीला जाववेना, म्हणून मी बरोबर गेले. दुपारची वेळ होती, दुकानात गिऱ्हाईक होतं. बापूसोंनी आम्हाला बघून नुसती मान हलवली. वर गेलो तर आदिती खिडकीपाशी खुर्चीत बसलेली. नवा ड्रेस, केसांना तेल, घट्ट वेणी. आम्हाला बघून तिनं ओळख दिली असं म्हणवत नाही. आणि काकूंनी चहा ठेवायच्या आधीच काम सांगितलं.

इचलकरंजीचं स्थळ आलं होतं. मुलगा जिनेंद्र, चांगलं घर, फोटो पसंत. मुलाच्या आईला मुलीशी फोनवर चार शब्द बोलायचे होते. काकूंच्या सबबी आता संपल्या होत्या.

"तू बोल तिच्या आवाजात," काकू म्हणाल्या. "मला वर्षभर बनवलंस की. त्यास्नी दोन मिनटं बनव."

"काकू, ही फसवणूक झाली," मी म्हणाले.

"तुम्ही पावणं हाईसा. चहा घ्या." मग त्या निशिगंधाकडं वळल्या. "लग्न ठरू दे, मग तू म्हणशील त्या डॉक्टरला दाखवू. ह्या गळ्यातल्याची शपथ. आधी न्हेलं आन् कुणी बघितलं, तर माझ्या पोरीला करणार कोण?"

काकू वाईट बाई नाहीत. रोज सकाळी त्या मुलीला अंघोळ घालत होत्या, घास भरवत होत्या, आणि दारं लावून रडत होत्या. पण दारं लावून. निशिगंधानं थोडा वेळ आदितीकडं बघितलं आणि हो म्हणाली. मी तिला बाजूला ओढलं, तर म्हणाली, "ताई, एकदा 'बरं हाय' म्हणायचं, आन् तिला डॉक्टर मिळतोय. अजून काय पायजे?"

काकूंनी फोन लावला, स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला. पलीकडून मुलाच्या आईचा आवाज आला, बाई साधी वाटली.

"काय चाललंय बाळ?"

"काय न्हाय, बसलोय निवांत," निशिगंधा म्हणाली, आणि खिडकीपाशी बसलेल्या आदितीनं झटकन मान वळवली. इतक्या दिवसांत ती अशी हलली नव्हती. तिचं तोंड बंद, आणि तिचा आवाज समोरच्या खुर्चीतून येतोय. ती निशिगंधाच्या ओठांकडं टक लावून बघत राहिली. शिक्षणाचं विचारून झालं, देवदर्शनाचं झालं. सगळं बेतशीर चाललं होतं. काकूंच्या कपाळावरची आठी सैल झाली.

"फोटोत जरा उतरल्यागत वाटलीस बघ," ती बाई म्हणाली. "बरं हाय नव्हं तुला?"

निशिगंधानं श्वास घेतला. काकू समोरून ओठ हलवून दाखवत होत्या, बरं हाय, बरं हाय.

"मला बरं न्हाय," तो आवाज म्हणाला. "लई दिवस झालं. कुणाला सांगू ते कळंना."

पलीकडून ती बाई हळू म्हणाली, "आगं, मग दाखवलं न्हाय व्हय कुणाला?"

"न्हाय."

काकूंनी झडप घालून फोन बंद केला. निशिगंधानं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं होतं. "मी न्हाय बोललो, काकू. आईशप्पथ. मी बरं हाय म्हणणार होतो." पुढं कित्येकदा तिनं मलाही हेच सांगितलं. तिचं म्हणणं असं, की इतके दिवस त्या आवाजात तिनं फक्त नेलचं दुखणं बोललं होतं, त्यामुळं त्याला दुसरं काही येईना. मला हे कधी पटतं, कधी पटत नाही. ती पोरगी घाबरून खरं बोलून गेली असेल. पण त्या खोलीत मी होते, आणि ते वाक्य आलं तेव्हा मी निशिगंधाकडं बघितलंच नाही, माझी नजर आपोआप आदितीकडं गेली.

काकूंचा मात्र तोल सुटला. "निघ माझ्या घरातनं! माझ्या पोरीचं वाटोळं केलंस! उद्या सगळ्या इचलकरंजीला कळंल, परवा जयसिंगपूरला!" आरडाओरडा ऐकून बापूसो वर आले. काय झालं, काय झालं म्हणेपर्यंत खिडकीकडून कुणीतरी बोललं. जाड, संथ, अनोळखी आवाज.

"असं बोलत होतो मी?"

आदिती निशिगंधाला विचारत होती. निशिगंधानं रडत रडत मान डोलावली.

बापूसोंनी सगळं ऐकून घेतलं. हा माणूस गिऱ्हाइकाशीही मोजकं बोलतो. त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "आता कळायचं ते कळणारच हाय," ते म्हणाले. "मग लपवायचं कुणासाठी? तिच्या चपला काढा. गाडी काढतो." भर दुपारी दुकानाचं शटर ओढलं आणि ते मुलीला घेऊन कोल्हापूरला निघाले. गाडीत मागं काकू आणि आदिती. काकूंनी निशिगंधाला आत बसू दिलं नाही. आम्ही दोघी एसटीनं परत आलो.

औषधं सुरू झाली. काही दिवस ॲडमिट राहावं लागलं. स्थळाकडून गोड शब्दांत नकार आला. मालिका निशिगंधानं पुरी केली. शेवटी नेल सावरते. मालिका लागली तेव्हा पेठेतल्या लोकांनी नेलचं काम काय झालंय, म्हणून कौतुक केलं, आणि निशिगंधानं ते शेवटचे भाग कधीच बघितले नाहीत. आदिती हळूहळू उठायला, जेवायला, दुकानात बसायला लागली. गिऱ्हाइकाला कोणता पाइप किती जाडीचा लागेल ते सांगायला लागली. दोघी मैत्रिणी फोनवर बोलतात, फार नाही. आदितीचा आवाज मात्र तसाच जाड आणि सावकाश राहिला. डॉक्टर म्हणाले, पहिल्यासारखा होईल किंवा हाच राहील, आत्ता सांगता येत नाही.

काकू निशिगंधाशी बोलत नव्हत्या. मग यंदा थंडीत एकदम निरोप आला, दोघी जेवायला या. आम्ही दिवस असतानाच पोचलो. शेंगांची पोळी होती, वर तूप. काकूंनी आग्रह करकरून वाढलं. जुनं काहीच काढलं नाही. जेवणं झाल्यावर आदिती भांडी घेऊन आत गेली, प्यायचं पाणी उकळायला ठेवते म्हणाली. काकूंनी स्वयंपाकघराचं दार लोटून घेतलं आणि निशिगंधाजवळ येऊन बसल्या.

"तुझ्यावर राग न्हाय माझा," त्या म्हणाल्या. "तू बोललीस म्हणून पोरगी हाताला लागली. कळतंय मला." मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "एक मागू काय? त्या आवाजात एकदा मला हाक मार. नुसतं आई म्हण. पोरगी घरात हाय, खाती-पिती, देवाला हात जोडती. माझी काय तक्रार न्हाय बघ. पण ती हाक लई दिवसांत कानावर न्हाय."

मला काकूंचा राग आला आणि त्याच वेळी रडूही आलं. मी निशिगंधाकडं बघितलं. तिचा गळा हलला. तो आवाज तिथपर्यंत आला होता, मला स्पष्ट दिसलं. तिनं ओठ घट्ट मिटून घेतले आणि मान हलवली, नाही म्हणून.

"एकदाच," काकू म्हणाल्या.

"आई." दाराआडून हाक आली, जाड आणि सावकाश. "आई, पाणी तापलं."

काकू हलल्या नाहीत.

"आई?"

काकूंनी आधी निशिगंधाच्या तोंडाकडं बघितलं. ते मिटलेलंच होतं. तेव्हा कुठं त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, "आलो गं बाळा, आलो," म्हणाल्या आणि दार उघडून आत गेल्या.